लाल, लाल, काळी, बॉडी

किल्ली फिरवली की गाडी काय सांगते, हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही कळायचं. घर्र घर्र करून इंजिन फिरतंय पण धरत नाही, म्हणजे पेट्रोल नाहीतर प्लग. एकदाच ‘कट्’ झालं आणि पुढे काही नाही, म्हणजे टर्मिनल सैल नाहीतर स्टार्टर अडकलाय. ‘कट्-कट्-कट्-कट्’ असा भरभर आवाज आणि समोरचा दिवा मिणमिणतोय, म्हणजे बॅटरी उतरली. आणि आवाज नाही, दिवा नाही, हॉर्नही नाही, म्हणजे पार बसली. हे कुणी समोर बसवून शिकवलं नव्हतं. सकाळी ओट्यावर दात घासत उभं राहिलं की कानावर पडायचं. तोंडात ब्रश धरूनच कुणीतरी म्हणायचं, “उतरली वाटतं नानांची,” आणि गल्लीतले पुरुष बनियनवरच बाहेर यायचे.

आम्ही डोंबिवली पूर्वेचे, मानपाडा रस्त्याच्या अंगाला राहणारे. कल्याण-शीळ रस्ता हा आमचा मोठा रस्ता. एका टोकाला पत्रीपूल, दुसऱ्या टोकाला शीळफाटा. मधे मानपाडा, काटई, निळजे, खिडकाळी, देसाई. दोन्ही बाजूंना भातशेती, पावसाळ्यात बगळे, आणि रस्त्यात जागोजाग खड्डे. शीळफाट्याला पोचलं की वाटा फुटायच्या. उजवीकडे मुंब्रा, कळवा, ठाणे. समोर महापे. डावीकडे पनवेल, आणि पनवेलच्या पुढे एकीकडे पुणे, एकीकडे कोकण. २००२ साली मुंबई-पुणे एक्सप्रेसवे पुरा झाला, पण त्याआधी ठाण्याकडून पुण्याला निघालेला जवळजवळ प्रत्येक ट्रक, प्रत्येक एसटी, प्रत्येक लग्नाचं वऱ्हाड या फाट्यावरूनच जायचं. फाटा ओलांडला की आपण गाव सोडलं असं वाटायचं, आणि परतताना फाटा दिसला की घर आलं असं वाटायचं.

गाड्यांशी आमचं नातं तसं घरचंच. याच रस्त्यावर मोटारगाड्या बनवणाऱ्या प्रीमियरचा कारखाना होता. प्रीमियरचं मूळ ठाणं कुर्ल्याला. पण नव्वदच्या दशकात प्यूजो ३०९ ही गाडी बनली ती आमच्या या कल्याणच्या कारखान्यात. प्रीमियर कॉलनीचं मैदान हे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. त्या कारखान्यात नाहीतर एमआयडीसीत कामाला असलेलं माणूस प्रत्येक चाळीत एखादं तरी सापडायचं, आणि त्याच्या हातात पाना शोभायचा.

गाड्या मात्र मोजक्या. नानांची सेकंडहॅण्ड पद्मिनी, डॉक्टरांची अ‍ॅम्बेसेडर, कोपऱ्यावरच्या बिल्डिंग मटेरियलवाल्याची जीप, आणि मारुती ८०० आल्यानंतर काही वर्षांनी आलेली एक पांढरी मारुती, जिच्यावर तिची मालकीण रोज रात्री ताडपत्री घालायची. गाडी ज्याची असेल त्याची, पण ती सुरू करणं हे गल्लीचं काम होतं. बाळंतीण दवाखान्यात न्यायची आहे, नानांची गाडी. आजोबांना ठाण्याला सिव्हिलला न्यायचंय, नानांची गाडी. मुलीची पाठवणी, नानांची गाडी. मग ती सकाळी सुरू होत नसेल तर एकट्या नानांनी का घाम गाळायचा?

पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगला, चोकची दांडी डॅशखाली. थंडीत चोक ओढायचा, सेल्फ मारायचा, इंजिन धरलं की चोक हळूहळू आत. १०८९ सीसीचं ते इंजिन फार मागायचं नाही, पण थोडी निगा हवीच म्हणायचं. जुन्या गाड्यांना डायनामो असायचा. इंजिन पळतंय तोवर तो बॅटरी भरायचा; गाडी उभी राहून नुसती घरघरत असली की भरणं बंद. ठाकुर्लीच्या रेल्वे फाटकात पावसाळ्याच्या संध्याकाळी अडकलं, हेडलाइट चालू, वायपर चालू, एका मागोमाग एक लोकल जातायत, फाटक काही उघडत नाही, की समोरचा लाल दिवा पेटायचा. तो दिवा पेटला की नाना पहिलं काम काय करायचे, तर हेडलाइट बंद. “दिवे नकोत, इंजिन जगू दे,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

बॅटरी बसली की उपाय तीन. हॅण्डल, धक्का आणि तार.

हॅण्डल अ‍ॅम्बेसेडरला आणि जीपला. लांब लोखंडी दांडा, पुढच्या बंपरच्या भोकातून आत घालायचा आणि इंजिन हातानं फिरवायचं. हे काम येऱ्यागबाळ्याला देत नसत. अंगठा दांड्याभोवती वळवायचा नाही, तो बाकीच्या चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा. दांडा खालून वर ओढायचा, वरून खाली दाबायचा नाही. कारण इंजिनानं उलटा झटका दिला तर वर ओढणाऱ्याचा हात सुटून जातो, खाली दाबणाऱ्याचं मनगट मोडतं. डॉक्टरांचा ड्रायव्हर हे प्रत्येक वेळी सांगायचा, आणि आम्ही पोरं प्रत्येक वेळी नव्यानं ऐकल्यासारखी ऐकायचो.

धक्का मात्र सगळ्यांचा. धक्क्याला वय नव्हतं, जात नव्हती, भांडण नव्हतं. पाण्याच्या नळावरून आदल्या दिवशी ज्यांची तोंडं फिरलेली असायची ते दोघं शेजारी शेजारी डिकीला हात लावून उभे राहायचे. नाना आत बसून किल्ली चालू करायचे, क्लच दाबायचा, गिअर दुसरा. पहिला टाकला तर चाकंच अडतात, म्हणून दुसरा. “हं!” म्हटलं की सगळे ढकलायचे. गाडी पळायला लागली की नाना क्लच पटकन सोडायचे, गाडीला एक हिसका बसायचा, खोकल्यासारखा आवाज यायचा, निळा धूर आणि पेट्रोलचा वास, आणि इंजिन धरायचं. मग सगळे टाळी वाजवायचे. धक्का फुकट गेला तर परत. नाहीच झालं तर गल्लीच्या उतारापर्यंत. गल्लीतल्या माई खिडकीतून ओरडायच्या, “अरे, पोरांना पुढून बाजूला करा!” गाडीच्या पुढे कुणी नाही, दोन गाड्यांच्या मधे कुणी नाही, हा नियम गल्लीला माईंनीच पाळायला लावला. लग्नाच्या दिवशी जरीचा फेटा बांधलेल्या नवरदेवालाही आम्ही धक्का मारताना पाहिलंय, आणि त्याच्या सासऱ्यांनाही.

पण बॅटरी पारच बसली असेल तर धक्क्याचा उपयोग नसायचा. प्लगला ठिणगी द्यायलाही थोडा करंट लागतो, तोच नसेल तर दहा माणसं लावून काय होणार? अशा वेळी सगळे म्हणायचे, “अण्णांना उठवा.”

अण्णा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात इलेक्ट्रिक खात्यात होते. रात्रपाळी करून आलेले असायचे. तरी उठायचे. लेंग्यावर खाकी शर्ट चढवायचे आणि जिन्याखालच्या खिळ्यावर टांगलेली तार घ्यायचे.

ती तार त्यांनी स्वतः केलेली. वेल्डिंगच्या केबलचे दोन तुकडे, चांगले माणूस-दीड माणूस लांब, आत केसासारख्या बारीक तांब्याच्या तारांचा भरगच्च गठ्ठा. चारी टोकांना पितळी चिमटे, करकचून आवळलेले आणि वर झाळलेले. एका केबलच्या दोन्ही टोकांना लाल चिकटपट्टी, दुसरीला काळी. बाजारात बारीक वायरच्या स्वस्त तारा तेव्हाही मिळायच्या. अण्णा त्यांना हात लावत नसत. स्टार्टर फिरताना छोट्या गाडीलाही शंभर-दीडशे अ‍ॅम्पिअर लागतात, एवढा करंट बारीक वायरीतून गेला तर वायर तापते, वरचं रबर वितळतं आणि गाडी काही सुरू होत नाही. तार कुणी मागून नेली तर खडूनं दाराच्या मागे लिहून ठेवायचं आणि परत आणली की पुसायचं. अण्णांच्या दारामागे गल्लीतल्या सगळ्या गाड्यांच्या आजारपणाचा असा इतिहास होता.

दुसऱ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवरून तार लावायची तर अण्णांची रीत ठरलेली. पहिल्यांदा मनगटावरचं घड्याळ काढायचं. स्टीलचा पट्टा चुकून प्लसला आणि बॉडीला एकदम लागला तर पट्टा क्षणात लाल होतो आणि कातडीला चिकटतो. घड्याळ शर्टाच्या खिशात. बोटातली अंगठी काढायची. मग, “बिडी विझवा.” ज्यांच्या हातात नसायची तेही हात मागे घ्यायचे. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही, आणि एक ठिणगी पुरते. मग दोन्ही गाड्या समोरासमोर, पण एकमेकींना टेकलेल्या नकोत. दोन्ही बंद, गिअर न्यूट्रलला, हॅण्डब्रेक ओढलेला. दिवे, पंखा, कॅसेट सगळं बंद. मग बसलेल्या बॅटरीकडे नीट बघायचं. चीर गेलीय का, फुगलीय का, ओल आहे का, सडक्या अंड्यासारखा वास येतोय का. यातलं काहीही असलं तर अण्णा तार परत गुंडाळायचे. “ही देवाघरी गेली, हिला काढा.”

सगळं ठीक असेल तर मग तो मंत्र. गल्लीतल्या आम्हा पोरांना पाढ्यांच्या आधी हा पाठ झाला. लाल, लाल, काळी, बॉडी.

पहिली लाल, बसलेल्या बॅटरीच्या प्लसला. दुसरी लाल, चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी, चांगल्या बॅटरीच्या मायनसला. आणि काळीचं दुसरं टोक बसलेल्या बॅटरीच्या मायनसला नाही, तर त्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या, बिनरंगाच्या लोखंडाला. एखादा जाड बोल्ट, एखादा ब्रॅकेट, बॅटरीपासून हातभर लांब, पंख्याच्या पट्ट्यापासून लांब, पेट्रोलच्या नळीपासून लांब.

“अण्णा, मायनसला का नाही?” हे विचारणारं नवं पोर दरवर्षी एखादं असायचंच. अण्णा मग चिमटा बोल्टला लावता लावता मुद्दाम थांबायचे. “बघ हं.” चिमटा टेकला की बारीकशी ठिणगी उडायची, चट् आवाज व्हायचा. “दिसली? शेवटच्या जोडणीला ही उडतेच. ती बॅटरीच्या तोंडापाशी उडायला नको, म्हणून लांब.” एवढं कारण पुरायचं. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात हायड्रोजनचा धडा आला तेव्हा आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांना तो आधीच ठाऊक होता, आणि मास्तरांना त्याचं भारी नवल वाटलं.

मग चांगली गाडी सुरू करायची, अ‍ॅक्सिलरेटर जरासा दाबून चार-पाच मिनिटं चालू द्यायची. मग बसलेल्या गाडीचा सेल्फ. पाच सेकंद, जास्त नाही. नाही धरली तर एक मिनिट थांबायचं, स्टार्टर गार होऊ द्यायचा, परत पाच सेकंद. तीन-चारदा करूनही नाही तर दोष दुसरीकडे, तार काढा. धरली तर तार उलटी काढायची. बॉडी, काळी, लाल, लाल. काढताना चिमटे एकमेकांना लागू द्यायचे नाहीत, म्हणून दोन पोरं दोन बाजूंना चिमटे धरून उभी. ते चिमटे धरायला मिळणं हा मान होता. त्यासाठी भांडणं व्हायची, आणि अण्णांनी पाळी लावून दिली होती.

गाडी सुरू झाली म्हणजे काम संपलं असं नव्हे. लगेच बंद केली तर पुन्हा तेच. “खिडकाळीच्या शंकराला जाऊन या,” असा अण्णांचा हुकूम निघायचा. जाऊन-येऊन अर्धा तास, रस्ता मोकळा, डायनामो चांगला फिरतो. मग गाडीत मावतील तेवढी पोरं, वर एक-दोन आज्या, कापूर आणि नारळ. खिडकाळेश्वराच्या देवळाशी इंजिन बंद करायचं नाही, नाना गाडीतच बसून राहायचे, बाकीचे पळत जाऊन दर्शन घेऊन यायचे. आमच्या आज्यांना बॅटरी उतरल्याचं वाईट वाटत नसे. माई तर एकदा सोमवारी सकाळी नानांना विचारत होत्या, “का हो, आज कशी काय पहिल्या सेल्फला सुरू झाली?”

बॅटरी तेव्हा खाऊन-पिऊन राहायची. तिला पाणी लागायचं. काळ्या कडक रबराचं खोकं, वर डांबराचा थर, त्यातून वर आलेल्या शिशाच्या पट्ट्या आणि सहा टोप्या. प्रत्येक टोपीखाली एक घर. एकेका घराचे दोन व्होल्टांहून थोडे जास्त, सहा मिळून पूर्ण भरलेल्या बॅटरीचे साडेबाराच्या वर. रविवारी टोप्या उघडून आत बघायचं. प्लेटा बुडाल्या पाहिजेत. कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटर, नळाचं पाणी नाही. ज्याच्याकडे बाटली संपलेली असायची तो शेजाऱ्याकडे वाटीभर साखर मागावी तसं वाटीभर डिस्टिल्ड वॉटर मागायला यायचा. टर्मिनलवर निळसर-पांढरी बुरशीसारखी फुलं धरायची. गरम पाण्यात खायचा सोडा घालायचा, टोप्या घट्ट लावायच्या, जुन्या टूथब्रशनं घासायचं, फसफस आवाज ऐकायचा, साध्या पाण्यानं धुवायचं, कोरडं करून वर व्हॅसलिन. दहाच्या पान्यानं टर्मिनल सोडवताना आधी काळं, लावताना शेवटी काळं. अ‍ॅसिडचा थेंब उडाला की तेव्हा काही दिसायचं नाही, पण धुतल्यावर पँटला भोक. आमच्या सगळ्यांच्या आयांनी अशी भोकं रफू केली आहेत. दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घालताना बॉनेट उघडून बॅटरीलाही हळदकुंकू लागायचं, आणि फूल मात्र टर्मिनलवर नाही, बाजूला.

फारच झालं तर बॅटरी चार्जिंगला द्यायची. सायकलच्या कॅरिअरला सुतळीनं बांधून, आडवी होणार नाही अशी. दुकानात भिंतीशी ओळीनं बॅटऱ्या मांडलेल्या, एक्साइड, स्टॅण्डर्ड, अ‍ॅम्को, प्रत्येकीवर खडूनं गाडीवाल्याचं नाव. दुकानदार काचेची नळी घालून अ‍ॅसिड ओढायचा आणि आतला तरंगता काटा उजेडात धरून बघायचा. “एक घर गेलंय,” असं म्हणाला की नानांचा चेहरा उतरायचा. रात्रभर चार्ज करून सकाळी मिळायची. तोवर दुकानदार स्वतःची एक जुनी बॅटरी वापरायला द्यायचा, फक्त ओळखीवर.

शीळफाट्याची एक रात्र मात्र आमच्या सगळ्यांच्या लक्षात आहे. कार्ल्याच्या एकवीरेहून परतत होतो. नानांच्या पद्मिनीत मोठी माणसं, मांडीवर पोरं, मागे काटईच्या एका ओळखीच्या आगरी कुटुंबाचा टेम्पो. टेम्पो पुढे निघून गेला. आम्ही फाट्यावर चहाला थांबलो. तेव्हा फाट्यावर उजेड असायचा तो चहाच्या टपऱ्यांचा, पंक्चरवाल्यांचा आणि ट्रकांचा. पार्किंगचे दिवे चालू ठेवून गाडी उभी होती, चहाच्या जोडीला भजी आली, गप्पा झाल्या, आणि निघताना सेल्फ मारला तर कट्-कट्-कट्.

शेजारी उभ्या ट्रकचा तरुण क्लीनर तार घेऊन पळतच आला. आमच्यातली दोघं बॉनेट उघडून तयार. तेवढ्यात ट्रकचा ड्रायव्हर, साताऱ्याकडचा म्हातारा माणूस, टपरीवरून ओरडला, “थांब, थांब! आपली चोवीसची हाय, त्यांची बाराची.” उठून आला आणि त्यानं आपल्या ट्रकच्या दोन बॅटऱ्या दाखवल्या. बारा आणि बारा, एकीची प्लस दुसरीच्या मायनसला जोडलेली, म्हणजे चोवीस. ती छोट्या गाडीला दिली तर बल्ब उडतात, वायरिंग जळतं, बॅटरीच फुटायची भीती. “ट्रकची छोट्या गाडीला द्यायची न्हाई, कुनी कितीबी म्हनूद्या,” म्हणाला. अण्णा तेव्हा आमच्याबरोबर होते. त्यांनी त्या माणसाला नमस्कार केला. असा नमस्कार ते सहसा कुणाला करत नसत.

मग पनवेलकडून एक काळी-पिवळी पद्मिनी आली. हात केल्यावर थांबली. अण्णांनी आधी दोन्ही गाड्या रस्त्यापासून पार आत, टपरीच्या मागच्या मोकळ्या जागेत घ्यायला लावल्या, कारण फाट्यावर रात्री गाड्या कशा येतात ते सगळ्यांना माहीत होतं. पोरांना टपरीच्या बाकावर बसवलं. ट्रकवाल्यानं कंदील धरला आणि लगेच अण्णांच्या डोळ्यांकडे बघून बाजूला ठेवला, आणि बॅटरीचा टॉर्च आणला. लाल, लाल, काळी, बॉडी. बाकावरची पोरं एका सुरात म्हणत होती. टॅक्सीवाल्यानं पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. ट्रकवाल्यानं चहाचेही पैसे आम्हाला देऊ दिले नाहीत.

पुढे गाड्या वाढल्या, माणसं कामात गुंतली. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि उल्हास नदीनं आमच्या भागाचीही दैना केली. दारापुढच्या गाड्या सीटपर्यंत पाण्यात गेल्या. पाणी उतरलं तसे अण्णा घरोघर फिरले आणि एकच सांगितलं, “किल्ली लावू नका, तार तर अजिबात लावू नका. मायनस सोडवा आणि मेकॅनिकची वाट बघा.” भिजलेल्या गाडीत करंट सोडला तर शॉर्ट होतो, आणि इंजिनात पाणी असताना सेल्फ मारला तर आतले दांडे वाकतात. ज्यांनी ऐकलं त्यांच्या गाड्या थोडक्यात निभावल्या.

आमच्या गल्लीची आता इमारत झाली आहे. ओटे गेले, जिन्याखालचा खिळा गेला. रस्ता रुंद झाला, भातशेतीच्या जागी पलावाचे मनोरे उभे राहिले, शीळफाट्यावर उड्डाणपूल आला आणि बीकेसीहून येणाऱ्या बुलेट ट्रेनच्या २१ किलोमीटरच्या बोगद्याचं तोंडही तिथंच आहे. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीनं २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस रस्ता सोडला, तेव्हा आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्रभर नानांच्या गाडीचे फोटो येत होते.

आणि त्याआधी, २०२० साली मार्चमध्ये टाळेबंदीनं सगळं बंद झालं तेव्हा गल्ली पुन्हा एकदा गल्ली झाली होती. आठवडे आठवडे गाड्या खाली उभ्या. गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, कॉम्प्युटर थोडा थोडा करंट खात राहतातच. दूध आणायला, औषध आणायला कुणी खाली उतरलं की ओळीनं सगळ्या गाड्या गप्प. मेकॅनिक येऊ शकत नाही, दुकानं बंद. तेव्हा तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत अण्णा उभे राहिले, तोंडावर रुमाल बांधून. खाली नव्या पिढीतला एक मुलगा, हातात तार, मोबाइलवर व्हिडिओ लावलेला. अण्णांनी वरून सांगितलं, “ते बंद कर, वर बघ. घड्याळ काढ.” आणि मग समोरच्या विंगमधून, बाजूच्या विंगमधून, केस पांढरे झालेली माणसं गॅलऱ्यांत येऊन एकदम म्हणाली, लाल, लाल, काळी, बॉडी. त्या मुलाची गाडी सुरू झाली. खिडकाळीला जायची सोय नव्हती, म्हणून त्यानं ती अर्धा तास मोकळ्या आवारात चालू ठेवली.

नव्या गाड्यांचं काही वेगळं आहे, ते अण्णांनीच नंतर आम्हाला समजावलं. बॅटरी आता बहुधा सीलबंद, पाणी घालायची सोय नाही. काहींना हिरवा डोळा असतो, तो काळा पडला की चार्ज कमी. काही गाड्यांत बॅटरी डिकीत किंवा सीटखाली असते आणि तार लावायच्या खुणा बॉनेटखाली वेगळ्या दिलेल्या असतात, म्हणून गाडीबरोबर आलेलं पुस्तक आधी उघडायचं. ऑटोमॅटिक गाडीला धक्का मारून उपयोग नाही. तार उलटी लागली तर पूर्वी फ्यूज जायचा, आता कॉम्प्युटरही जाऊ शकतो, आणि तो बॅटरीच्या कैक पट महाग. विजेवरच्या आणि हायब्रीड गाड्यांतही एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते आणि तीही बसते, पण त्यांच्यावरून दुसऱ्याला करंट द्यायचा नाही, पुस्तकात स्पष्ट परवानगी असेल तरच. छोटी पॉवर पॅकसारखी यंत्रं मिळतात, ती चांगली आहेत, मात्र तीही महिन्याकाठी चार्ज करून ठेवली तर. ट्रकची चोवीस अजून चोवीसच आहे. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर मायनस सोडवून ठेवावं, नाहीतर आठवड्यातून एकदा अर्धा तास फिरवून आणावी.

हे आम्ही लिहितोय ते कल्याण-शीळ रस्त्यावर रोज जाणाऱ्यांसाठी. रात्री कडेला बॉनेट उघडून उभी असलेली गाडी आणि तिच्याशेजारी मोबाइलचा उजेड पाडत उभं असलेलं कुटुंब तुम्हालाही दिसलं असेल. आपण थांबत नाही, कारण मागून ट्रक येतो आहे, आणि ती भीती खरीच आहे. तर आधी गाडी ढकलून रस्त्याच्या पार बाहेर घ्या, पेट्रोलपंपावर नाहीतर हॉटेलच्या आवारात, धोक्याचा लाल त्रिकोण मागे लांब ठेवा, माणसं गाडीपासून दूर उभी करा, आणि रस्त्यात अडकून पडलात तर ११२ वर फोन करा. मदतीला थांबलात तर असं आत घेऊन थांबा.

डिकीत एक जाड तांब्याची तार ठेवा, स्टेपनीच्या खाली नव्हे, वर. आणि तुमच्या इमारतीत अण्णांच्या वयाचं कुणी असेल, तर येत्या रविवारी त्यांना खाली बोलवा, खुर्ची द्या, दोन गाड्या समोरासमोर लावा आणि चिमटे न जोडता, नुसतं बोट ठेवून, ते कुठं कुठं लागतात ते पोरांना एकदा त्यांच्याकडून दाखवून घ्या.